बिष्णुपूर: सालवनातील मल्ल राजांच्या राजधानीत

नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांविषयी आपल्याकडे जे वाचायला मिळते त्यात चौथाईचे आकडे आणि सरदारांची नावे असतात. ज्या गावांवरून ते घोडदळ गेले त्या गावांनी ते कसे लक्षात ठेवले, याचा उल्लेख क्वचितच येतो. पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातील बिष्णुपूर हे असेच एक गाव आहे. मल्ल राजांची ही जुनी राजधानी, मातीच्या विटांवर कोरलेल्या देवळांसाठी प्रसिद्ध असलेली आणि आजही सालवृक्षांच्या जंगलांनी वेढलेली, नागपूरच्या माणसाने एकदा तरी सावकाश पाहावी, असे फार दिवस वाटत होते. या हिवाळ्यात तो योग आला.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी हावड्यापर्यंत जाऊन परत मागे येण्याची गरज नाही. मुंबईहून निघणारी गीतांजली आणि पुण्याहून निघणारी आझाद हिंद या दोन्ही गाड्या नागपूरमार्गे खरगपूरला थांबतात, आणि तेथून मेदिनीपूर, गडबेता मार्गे आद्र्याकडे जाणाऱ्या गाडीने बिष्णुपूर गाठता येते. कोलकात्याहून येणाऱ्यांसाठी रूपसी बांगला, आरण्यक आणि पुरुलिया एक्सप्रेस या गाड्या सोयीच्या असून प्रवासाला साधारण साडेतीन ते चार तास लागतात. खरगपूरनंतरचा टप्पा शक्यतो दिवसा करावा. गडबेत्याच्या आसपास माती लाल होऊ लागते, रुळांच्या दोन्ही बाजूंना सालवन दिसू लागते, आणि कोकणात वाढलेल्या माणसाला जांभा दगड पाहून क्षणभर आपण कुठे आहोत असा प्रश्न पडतो. हे जंगल आणि ही माती मनात ठेवूनच गावात उतरावे, कारण बिष्णुपूरचा बहुतेक सगळा इतिहास या दोन गोष्टींमधून उलगडतो.

परंपरा सांगते की, मल्ल घराण्याची सुरुवात इ. स. 694 मध्ये आदिमल्लापासून झाली आणि त्या वर्षापासून मल्लाब्द ही त्यांची स्वतंत्र कालगणना सुरू झाली. देवळांवरील शिलालेखांत हीच वर्षे कोरलेली असल्यामुळे वाचलेल्या आकड्यात 694 मिळवले की आपले सन मिळते. श्यामराय मंदिराच्या लेखातील मल्लाब्द 949 म्हणजे इ. स. 1643. पुढे जगतमल्लाने राजधानी बिष्णुपूरला आणली आणि मृण्मयी देवीची स्थापना केली, ते वर्ष 997 मानले जाते. दिल्लीत आणि बंगालची जुनी राजधानी गौड येथे सत्ता बदलत राहिल्या तरी घनदाट जंगल, लढाऊ आदिवासी प्रजा आणि दूरवरचे स्थान यांच्या बळावर हे राज्य कधी खंडणी देऊन, तर कधी न देता टिकून राहिले.

या राज्याला वळण लावले ते अकबराच्या काळातील राजा वीर हंबीर याने. वैष्णव चरित्रग्रंथांतील कथेनुसार, वृंदावनाहून हस्तलिखितांच्या पेट्या बैलगाडीतून बंगालकडे नेत असताना राजाच्या माणसांनी त्या धनाच्या पेट्या समजून लुटल्या. ग्रंथांच्या शोधात दरबारात आलेल्या श्रीनिवास आचार्यांचे भागवत-निरूपण ऐकून राजा त्यांचा शिष्य झाला. कथेतील तपशील कसेही असोत, त्यानंतरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या जंगलातल्या गावात राधाकृष्णाची एकाहून एक देवळे उभी राहिली, एवढे डोळ्यांसमोर आहे.

पाहण्याची सुरुवात रासमंचापासून करावी. इ. स. 1600 च्या सुमाराची ही वास्तू वीर हंबीराची मानली जाते. जांभ्याच्या रुंद चौथऱ्यावर विटांचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिडसारखा माथा आणि भोवती कमानींच्या ओवऱ्या, असे तिचे रूप आहे. रासोत्सवात गावातल्या साऱ्या देवळांमधील मूर्ती येथे एकत्र मांडल्या जात. ती प्रथा 1932 पर्यंत चालू होती. येथे घेतलेले पुरातत्त्व खात्याचे तिकीट श्यामराय आणि जोडबांगला या देवळांतही चालते, म्हणून ते जपून ठेवावे.

श्यामराय आणि जोडबांगला या दोन देवळांना मात्र घाईने पाहून चालणार नाही. दोन्ही रघुनाथ सिंहाने बांधली. पहिले 1643 चे, दुसरे 1655 चे. श्यामराय पंचरत्न म्हणजे पाच शिखरांचे असून त्याच्या भिंती, कमानी आणि आतले छतही भाजलेल्या मातीच्या फलकांनी मढवलेले आहे. त्यात मधोमध राधाकृष्ण आणि भोवती वर्तुळाकार नाचणाऱ्या गोपी असलेले रासमंडळ शोधावे. इतक्या लहान जागेत इतकी गती मी दुसऱ्या कोणत्याही भिंतीवर पाहिलेली नाही. जोडबांगला म्हणजे बंगाली खेड्यातल्या वाकलेल्या छपराच्या दोन झोपड्या शेजारी शेजारी जोडून त्यांवर लहानसे शिखर चढवलेले देऊळ. बंगालमध्ये छप्पर वाकवावेच लागते, कारण पाऊस झरकन ओघळून गेला पाहिजे. कारागिरांनी बांबूचे ते वळण विटेत जसेच्या तसे उतरवले. भिंतींवर शरपंजरी पडलेले भीष्म आहेत, रामायणातील युद्ध आहे, आणि त्याच रांगांमध्ये शिकारीला निघालेले सरदार आणि बंदुका घेतलेल्या शिपायांच्या युद्धनौकाही आहेत. पुराणकथा आणि कारागिराच्या डोळ्यांसमोरचे सतरावे शतक एकाच भिंतीवर नांदते, म्हणून ही देवळे मला एखाद्या ग्रंथालयाइतकी मोलाची वाटतात.

या फलकांसाठी सकाळचे किंवा उतरत्या दुपारचे तिरके ऊन हवे. भर माध्यान्ही सारे सपाट दिसते. वरच्या रांगांसाठी लहान दुर्बीण सोबत असावी. फलकांवरून हात फिरवण्याचा मोह कृपा करून आवरावा. पावसाने आणि शेवाळाने आधीच बरेच झिजवले आहे.

1694 चे मदनमोहन मंदिर दुर्जन सिंहाचे. येथे आजही पूजा चालते आणि संध्याकाळच्या आरतीला गावकरी येतात. पूजेत असलेली देवळे दुपारी बंद राहतात, हे धरून दिवसाची आखणी करावी. लालजी, राधाश्याम, किल्ल्याचा जांभ्याचा मोठा दरवाजा आणि दगडी रथ ही ठिकाणे एकमेकांजवळ असल्याने पायी होतात. बाकीच्यासाठी टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, दिवसभरासाठी आधी दर ठरवून घ्यावी.

मदनमोहनाच्या नावाशीच आपला, म्हणजे मराठी माणसाचा, संबंध जोडलेला आहे. 1742 मध्ये रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्कर पंडित कोल्हटकर यांचे घोडदळ बंगालमध्ये उतरले आणि बिष्णुपूरवरही चालून आले. तेव्हा गादीवर गोपाल सिंह होता. हा राजा इतका भाविक, की प्रत्येक प्रजाजनाने रोज संध्याकाळी ठरावीक हरिनाम घेतलेच पाहिजे, असा त्याचा हुकूम होता. लोक त्या हुकमाला ‘गोपाल सिंहाची बेगार’, म्हणजे वेठ, म्हणत. कथा अशी की, राजाने लढण्याऐवजी नामसंकीर्तन मांडले, आणि रात्री स्वतः मदनमोहनाने दलमादल तोफ डागून मराठ्यांना परतवले. ही तोफ लालबांध तलावाजवळ आजही उघड्यावर आहे. लोखंडी कडी एकमेकांना जोडून घडवलेली, सुमारे 3.8 मीटर लांबीची ही तोफ उन्हापावसात राहूनही फारशी गंजलेली नाही.

गाव वाचले, पण भोवतालचा मुलूख वाचला नाही. पिके जाळली गेली, विणकर परागंदा झाले, आणि मुलांना झोपवताना बर्गी येतील अशी भीती घालणारे अंगाईगीत बंगालमध्ये घराघरात राहिले. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. 1744 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भास्कर पंडितांना भेटीस बोलावून मारले, 1751 च्या तहाने ओडिशा आणि बारा लाखांची चौथाई नागपूरकरांना मिळाली, येथवर आपला इतिहास सांगतो. या तोफेजवळ उभे राहून त्याची दुसरी बाजू ऐकणे मला आवश्यक वाटले. आम्ही नागपूरचे आहोत हे कळल्यावर कुणाच्याही बोलण्यात कडवटपणा आला नाही. उलट मदनमोहनाची गोष्ट अधिक रंगवून सांगितली गेली. त्यानंतर 1770 चा दुष्काळ, घराण्यातील कलह आणि कंपनीचा सारा यांनी राज्य खचले. चैतन्य सिंहाने मदनमोहनाची मूळ मूर्तीही कोलकात्याच्या गोकुल मित्रांकडे गहाण ठेवली आणि ती परत आली नाही, असे सांगतात. 1806 मध्ये थकलेल्या साऱ्यापोटी जमीनदारी विकली गेली आणि ती बर्दवानच्या राजाने घेतली.

राज्य गेले तरी दरबाराने पोसलेल्या कला राहिल्या. ध्रुपदाचे बिष्णुपूर घराणे येथले. रामशंकर भट्टाचार्य, यदुभट्ट, गोपेश्वर बंद्योपाध्याय ही त्यातली मोठी नावे, आणि यदुभट्टांकडे काही काळ रवींद्रनाथही शिकले. मूळ मुर्शिदाबादकडची बालुचरी साडी 1950 च्या दशकात अक्षयकुमार दास यांनी येथल्या जकार्ड मागांवर पुन्हा जिवंत केली. पदरावर देवळांतल्या फलकांसारखीच चित्रे विणलेली असतात. साडी घ्यायची असल्यास आधी विणकराच्या घरी माग पाहावा. एका साडीला लागणारे दिवस समजले की किमतीवर घासाघीस करावीशी वाटत नाही.

सावंतवाडीची गंजिफा ज्यांनी पाहिली आहे त्यांनी येथील फौजदार घराण्याचे दशावतार ताश अवश्य पाहावेत. दहा अवतार, प्रत्येकी बारा पाने, एकूण 120 गोल पत्ते, ही रचना दोन्हीकडे एकच आहे. येथे चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवून पत्ता तयार करतात आणि बुद्धाच्या जागी जगन्नाथ रंगवतात. हेच घराणे दुर्गापूजेसाठी मोठी, मधली आणि धाकटी ठाकुराणी, म्हणजे देवीची तीन रूपे, यांचे पटही रंगवते. मृण्मयी देवीची ही पूजा आपल्या अविधवा नवमीलाच, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला सुरू होते आणि तिच्यात आजही तोफ उडवतात. गर्दी चालत असेल तर त्या दिवसांत, अथवा डिसेंबरअखेरीच्या बिष्णुपूर मेळ्यात जावे. मात्र राहण्याची सोय फार आधी करावी. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान सोयीचे आहे. उन्हाळा कटाक्षाने टाळावा.

जेवणात भात, उडदाची पातळ डाळ आणि खसखशीतले बटाटे, म्हणजे आलू-पोस्तो, मागावे. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. येथील मोतीचूर लाडू पूर्वी जंगलातल्या चारोळीच्या पिठाचा करत. 2025 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

एक दिवस जास्त असेल तर दोन ठिकाणे जोडावीत. आरामबागच्या रस्त्यावरील जयपूरचे सालवन दिवसाउजेडी पाहावे. दलमा डोंगरांकडून येणारे हत्तींचे कळप हिवाळ्यात या भागात फिरतात, म्हणून अंधार पडल्यावर आत शिरू नये आणि वनखात्याच्या माणसांना विचारूनच पुढे जावे. दुसरे पाँचमुडा. बांकुड्याचे प्रसिद्ध मातीचे घोडे घडवणारे हे कुंभारांचे गाव बिष्णुपूरपासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. घोड्याचे पाय, धड, मान हे भाग चाकावर वेगवेगळे घडवून मग जोडतात. गावदेवतेच्या झाडाखाली नवसाचे म्हणून वाहिलेले असे घोडे वाटेत दिसतात. विकत घेताना कान आणि शेपूट काढता येतात ना, हे पाहावे. ते वेगळे गुंडाळून, पोटात गवत भरून दिले तर रेल्वेच्या प्रवासात घोडा सुखरूप घरी पोहोचतो.