जळगावच्या उन्हाळ्यात घरातल्या झाडांना दिवे: नऊ आठवड्यांची नोंद

जळगावात राहून झाडांसाठी दिवे विकत घेतोय म्हटल्यावर ऑफिसात सगळे हसले. ऊन कमी पडतंय का भाऊ तुला? कमी पडत नाही, तेच तर दुखणं आहे. एप्रिल लागला की सकाळी नऊला खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी शेडनेट. दिवस मावळेपर्यंत घराचं तळघर होतं. सिंगोनियम गॅलरीत ठेवलं तर दुपारपर्यंत पानांचा पापड, आणि आत ठेवलं तर काडीसारखं लांबत जातं. बर्फाच्या देशांतली मंडळी डिसेंबरात जे दिवे लावतात, ते आपल्याकडे मे महिन्यात लागतात.

५ एप्रिल
मोबाईलवर लक्स, म्हणजे उजेड, मोजणारं ॲप घेतलं. दुपारी एक वाजता हॉलच्या कोपऱ्यात, जिथं तीन वर्षं मनी प्लांट उभा आहे, तिथं ५५ लक्स. पडदा सारला तर ८००. गच्चीवर आकडा लाखाच्या आसपास गेला. गंमत म्हणजे त्या ५५ लक्सात मी आरामात पेपर वाचत होतो. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणून खोली उजेडाची वाटते. पानाला बाहुली नसते.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी, त्यात हिरव्या-पिवळ्या रंगाला झुकतं माप. झाडाला मोजायचे असतात ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण: एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडले, म्हणजे पीपीएफडी. खरा मीटर महाग आहे. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ७० ने भागलं तर कामापुरता आकडा मिळतो, सूर्यप्रकाशात ५४ ने. म्हणजे माझ्या मनी प्लांटला एक मायक्रोमोल मिळत होता. तीन वर्षं तो जगला कसा, हे त्यालाच ठाऊक.

१२ एप्रिल
पहिली चूक. ऑनलाईन झाडांसाठीचा जांभळा एलईडी पॅनल मागवला, खोक्यावर ठळक '६०० वॅट'. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर माझ्याकडे होता, तो मधे घातला. ५८ वॅट. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे तो आकडा बल्बाच्या बरोबरीचा. बरोबरीचा आकडा बिलावर येत नाही.

रात्री लावला तर सगळा पॅसेज लग्नाच्या मांडवासारखा. आई अमळनेरकडची, दारात उभी राहून अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे रे भो?" त्या उजेडात पानं काळपट दिसतात, पान पिवळं पडतंय की नाही तेच कळत नाही. लक्स ॲपचाही उपयोग नाही, कारण ७० चा भागाकार फक्त पांढऱ्या उजेडाला लागू होतो.

१९ एप्रिल
रावेरचे मामा आले होते. ते केळी लावतात, टिश्यू कल्चरची रोपं घेतात, लॅब आतून बघून आलेले. पॅनल बघून म्हणाले, "तिथं तर रॅकवर साध्या पांढऱ्या ट्यूबा असतात. सोळा तास चालू, आठ तास बंद. असं जांभळं काही नाही पाहिलं मी." मला आधीच सुचायला हवं होतं. क्लोरोफिल लाल आणि निळा रंग जास्त शोषतं, म्हणून जांभळा दिवा हे गणित कागदावर बरोबर दिसतं. पण मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रत्यक्ष पिकांची पानं घेऊन मोजलं, तेव्हा हिरव्या उजेडावरही प्रकाशसंश्लेषण बऱ्यापैकी चालतं असं निघालं. हिरवा पानात खोलवर शिरतो. आणि पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळी चिप, वर पिवळट फॉस्फरचा थर. निळा आहे, हिरवा आहे, लालही आहे.

२१ एप्रिल
फुले मार्केटजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून चार फुटी २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब आणल्या. दोन्ही ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). ४००० हव्या होत्या, त्यात लाल जरा जास्त असतो, पण दुकानदार म्हणाला, "ते पिवळं कोणी घेत नाही साहेब." जुन्या लोखंडी मांडणीच्या वरच्या फळीला खालून, दोघींत साधारण वीतभर अंतर ठेवून बांधल्या.

आता मोजणी, यात मी अख्खी संध्याकाळ घालवली. ट्यूबच्या मध्याखाली ३० सेंमीवर ४,६०० लक्स, १५ सेंमीवर ८,४००. शाळेत शिकलो होतो की अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. इथं जेमतेम दुप्पट! कारण तो नियम बल्बासारख्या ठिपक्याएवढ्या दिव्याचा. लांब ट्यूबच्या जवळ गेलं की उजेड त्यापेक्षा बराच सावकाश वाढतो. मात्र ट्यूबच्या टोकाखाली आकडा जवळपास निम्मा भरतो. म्हणून कुंड्या कडेला नकोत. कडेला मनी प्लांट, त्याला चालतं.

३० सेंमीवर ४,६०० भागिले ७० म्हणजे ६६ मायक्रोमोल. १२ तास दिवा असेल तर त्याला ०.०४३२ ने (१२ तासांचे सेकंद भागिले दहा लाख) गुणायचं: दिवसाला २.८५ मोल. सावलीतल्या पानांच्या झाडांना २ ते ४ मोल पुरतात. १५ सेंमीवर ५.२ येतात, ते माझ्या आफ्रिकन व्हायोलेट या फुलझाडासाठी ठीक. टोमॅटोला वीसच्या वर लागतात, तेव्हा या मांडणीवर टोमॅटोचा नाद नको. खर्च: ४० वॅट, १२ तास, महिन्याला साडेचौदा युनिट.

२९ एप्रिल
मामांनी जाताना बजावलं होतं की लॅबमधलं रोप थेट शेतात लावत नाहीत, आधी काही आठवडे शेडनेटखाली ठेवतात. मी ऐकलं नाही. कोपऱ्यातलं कलाथिया सरळ १५ सेंमीवर ठेवलं. चार दिवसांत वरच्या दोन पानांवरचे गडद पट्टे धुतल्यासारखे फिके झाले आणि दुपारी पानं गुंडाळून बसली. आता ते खालच्या फळीवर, ५० सेंमीवर. पट्टे परत आले नाहीत, नवीन पानाची सुरळी मात्र नीट गडद दिसतेय.

११ मे
पारा ४४ वर. मागच्या खोलीत दुपारी ३८. जांभळा पॅनल, जो मी हट्टाने खालच्या फळीवर लावून ठेवला होता, आधी लुकलुकला आणि मग गेला. उघडला तर ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या, डबीत एक कपॅसिटर फुगलेला. त्याचा पंखा पाठीमागची धूळ ओढत होता, तो आधीच जाम झाला असणार. ट्यूबना काही झालं नाही, त्या दिवसभर हाताला कोमटच लागतात.

यावर उपाय म्हणून वेळच फिरवली. दिवे आता संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. नाहीतरी दिवसा खोलीत अंधारच असतो, मग झाडांची रात्र दिवसा केली तर त्यांना काय फरक पडतो? उजेडात काम करायची वेळ ३१-३२ अंशांत येते, ३८ मध्ये नाही. व्हायोलेटसाठी ३१ सुद्धा जास्तच, पण कूलर चालू असल्यामुळे हवेत ओल असते. कूलरचा झोत थेट झाडांवर येऊ देऊ नका एवढंच.

१७ मे
रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर मांडणीवर काळोख. मेकॅनिकल टायमर होता, लाईट गेली की त्याची चकतीही थांबते. पाच-सहा दिवसांत थोडी थोडी लाईट जाऊन तो साडेतीन तास मागे पडला होता: दिवे सहाऐवजी साडेनऊनंतर सुरू होणार, आणि त्या रात्री पुन्हा लाईट गेल्यामुळे दोनलाही काळोखच. गोलाणी मार्केटमधून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर आणला. हे आधी घ्या, दिवा नंतर.

७ जून
सिंगोनियमवर पट्टी धरून मोजलं. जुन्या दोन पानांतलं अंतर ९ सेंमी, दिव्याखाली आलेल्या नव्या दोघांतलं ४. देठ जाड आणि सरळ, पान बाणासारखं पुढे झुकलेलं. व्हायोलेटची मधली पानं मात्र आवळून, एकमेकांवर चढून कुरकुरीत झाली होती. उजेड जास्त झाल्याची खूण. कुंडीखालची वीट काढली, आता ती २२ सेंमीवर आहे. परवा मधोमध तीन कळ्या दिसल्या, बोथट, केसाळ, मुगाच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक आज सुकलेली होती.

पाऊस आला की खिडक्या उघडतील, तेव्हा तिथले लक्स पुन्हा मोजून एक ट्यूब बंद करता येते का बघायचंय. तोवर आईने मांडणीच्या डाव्या टोकाला, न विचारता, पुदिन्याचा डबा आणून ठेवलाय. तिथं उजेड निम्मा आहे हे तिला सांगितलं. तिने मनी प्लांट उचलून टीव्हीवर ठेवला आणि डबा मधे सरकवला.