पर्जन्यनोंदींचा टेलिग्राम बॉट: ओळख आणि अधिकार तपासण्याचे काम सर्व्हरवर आणले

हौशी पर्जन्यमापकांच्या आमच्या गटासाठी लिहीत असलेला टेलिग्राम बॉट (संदेश आपोआप हाताळणारा प्रोग्राम) आता भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर चालतो. सदस्य सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस मिलिमीटरमध्ये पाठवतात, बॉट तो साठवतो आणि पडताळणी करणारे सदस्य शंकास्पद आकडे दुरुस्त करतात. एखादा चुकीचा आकडा वर्षाच्या बेरजेत कायमचा जाऊन बसू शकतो, म्हणून कोणती नोंद कोणी बदलली आणि त्याला तो अधिकार होता का, हे निःसंशय कळले पाहिजे. या टप्प्यातले जवळजवळ सगळे काम त्यासाठीच होते.

पूर्वी बॉट गेटअपडेट्स ही आज्ञा वापरून स्वतः टेलिग्रामकडे विचारणा करत असे, त्यामुळे आलेला मजकूर टेलिग्रामकडूनच आला आहे याची खात्री त्या टीएलएस (कूटबद्ध, सुरक्षित) जोडणीनेच मिळत होती. वेबहुक, म्हणजे टेलिग्रामने स्वतःहून आपल्या सर्व्हरकडे संदेश पाठवण्याची पद्धत, स्वीकारल्यावर मात्र दिशा उलटते: आपला पत्ता इंटरनेटवर उघडा असतो आणि तो ठाऊक असलेला कोणीही हव्या त्या सदस्याचा क्रमांक घालून तयार केलेला जेसन (ठराविक रचनेचा) मजकूर तिथे पाठवू शकतो. जून २०२२ मध्ये आलेल्या बॉट एपीआयच्या (बॉट ज्या आज्ञांनी टेलिग्रामशी बोलतो त्यांच्या) ६.१ आवृत्तीपासून सेटवेबहुक करताना, म्हणजे वेबहुकचा पत्ता नोंदवताना, सीक्रेट टोकन (गुप्त संकेत) देता येते आणि टेलिग्राम ते प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या माहितीत) परत पाठवतो. ते २५६ अक्षरांपर्यंत चालते. मी ते यादृच्छिक बाइट्सपासून तयार केले असून तुलना साध्या बरोबरीच्या चिन्हाऐवजी पायथनच्या कम्पेअर डायजेस्ट या फंक्शनने होते, जेणेकरून उत्तराला लागणाऱ्या वेळावरून कोणाला काही ताडता येऊ नये. टेलिग्रामने जाहीर केलेल्या १४९.१५४.१६०.०/२० आणि ९१.१०८.४.०/२२ या पत्त्यांची चाळणीही एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये बसवली आहे, पण ती केवळ जोडीला. भरवसा टोकनवरच आहे.

टोकन जुळले नाही तर सर्व्हर ४०१ (ओळख पटली नाही) हा कोड देऊन मोकळा होतो. विनंती खरी आहे, पण पाठवणाऱ्याला अधिकार नाही, अशा वेळी मात्र उत्तर २०० (यश) हेच दिले पाहिजे आणि नकार त्या व्यक्तीला संदेशातून कळवला पाहिजे, कारण यशाचा कोड मिळाला नाही तर टेलिग्राम तोच अपडेट (संदेश किंवा घटनेची सूचना) पुन्हा पाठवत राहतो. ओळख पटवणे आणि अधिकार ठरवणे ही दोन कामे कोडमध्ये वेगळ्या थरांत ठेवण्याचा लाभ इथे लगेच जाणवला.

सदस्याची ओळख मी केवळ अंकी आयडीवरून धरतो. युजरनेम बदलता येते आणि सोडून दिलेले युजरनेम दुसरा कोणी घेऊ शकतो, त्यामुळे अधिकारांच्या तक्त्यात त्याला जागा नाही. हे आयडी ५२ बिटांपर्यंत जाऊ शकत असल्याने स्तंभ ६४ बिटांचा ठेवावा. नव्या सदस्याला मी एकदाच चालणारा सांकेतिक दुवा देतो. स्टार्ट आज्ञेसोबत ६४ अक्षरांपर्यंत मजकूर येऊ शकतो आणि ३२ बाइट्सचा संकेत बेस६४ च्या (बाइट्स अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीच्या) यूआरएलयोग्य रूपात ४३ अक्षरांत मावतो. डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश (ज्यावरून मूळ संकेत काढता येत नाही असा ठसा) राहतो आणि वापर होताच तो संकेत रद्द होतो.

सर्वांत जास्त विचार बटणांनी करायला लावला. गटात बॉटने ‘मान्य’ आणि ‘फेटाळा’ अशी बटणे दाखवली की ती प्रत्येक सदस्याला दिसतात आणि कोणीही दाबू शकतो. बटण दिसणे म्हणजे अधिकार असणे नव्हे. शिवाय बटणासोबत येणारा ६४ बाइट्सचा मजकूर आपण पाठवला तसाच परत येईल असे गृहीत धरता येत नाही, आणि मूळ संदेशात तसे बटणच नसण्याची शक्यता टेलिग्रामच्या दस्तऐवजातही नमूद आहे. म्हणून त्यात मी भूमिका, सदस्याचा आयडी किंवा पावसाचा आकडा असे काहीही ठेवत नाही, केवळ प्रलंबित कामाचा यादृच्छिक क्रमांक असतो. बटण दाबल्यावर सर्व्हर ते काम शोधतो, ते याच गटाचे आहे का आणि अजून प्रलंबित आहे का हे पाहतो, दाबणाऱ्याची भूमिका त्याच क्षणी तक्त्यातून वाचतो आणि बदल व त्याची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही अशा रीतीने) करतो. भूमिका कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवण्याचा मोह मी टाळला आहे, कारण काढून घेतलेला अधिकार त्याच क्षणी संपायला हवा.

संपादित संदेशांकडे सहज दुर्लक्ष होते. ते वेगळ्या प्रकारचे अपडेट म्हणून येतात, तेव्हा पडताळणी झालेल्या नोंदीचा मूळ संदेश सदस्याने नंतर बदलला तर आकडा परस्पर बदलत नाही. दुरुस्तीची नवी मागणी तयार होते आणि ती पुन्हा त्याच तपासणीतून जाते. निनावी ॲडमिनच्या संदेशात पाठवणारा म्हणून व्यक्तीऐवजी टेलिग्रामचे एक सामाईक बॉट खाते दिसते, म्हणजे खरी व्यक्ती आपल्याला कळतच नाही. असे संदेश बॉट वाचतो, पण त्यांवरून काहीही लिहीत नाही. गटाचा प्रमुख असला तरी नोंद बदलायची असेल तर त्याने स्वतःच्या खात्यावरून यावे, हा नियम मला आवश्यक वाटतो.

बॉटचे मुख्य टोकन (त्याचा ताबा देणारी किल्ली) एपीआयच्या प्रत्येक पत्त्याचाच भाग असल्याने जोडणी तुटली की एचटीटीपी लायब्ररीच्या त्रुटीसंदेशातून ते लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) उतरू शकते. लॉग लिहिण्यापूर्वी ते झाकणारी चाळणी बसवली आहे, आणि गरज पडली तर बॉटफादर या टेलिग्रामच्या बॉट-नोंदणी खात्याकडून टोकन रद्द करून नवे घेण्याची कृती सर्व्हरवरच्या टिपणात लिहून ठेवली आहे.

पुढचे काम गटाच्या आयडीचे आहे. साधा गट सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या गटांचा प्रकार) झाला की त्याचा आयडी बदलतो आणि जुन्या आयडीला जोडलेले अधिकार तिथेच अडकतात. या बदलाची सूचना देणारा संदेश टेलिग्राम पाठवतो; तो आल्यावर तक्त्यातील सर्व ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये नव्या आयडीवर नेणारा भाग सध्या लिहीत आहे आणि त्याची चाचणी एका रिकाम्या गटात करणार आहे.