एका पट्टीपेटीत दोन ऑर्गन: ग्रँडऑर्गवरच्या स्पॅनिश बरोक ऑर्गनची प्रगती-नोंद

स्पॅनिश ऑर्गन म्हटलं की डोळ्यांसमोर आडवे कर्णे (पुढे आडव्या काढलेल्या जिभेच्या नळ्या) येतात, आणि बहुतेक जण सॅम्पल संच (खऱ्या ऑर्गनच्या नळ्यांची रेकॉर्डिंग) उघडल्याबरोबर तेच स्टॉप, म्हणजे आवाज निवडायच्या खुंट्या, ओढून बघतात. ग्रँडऑर्ग या संगणकावर ऑर्गन वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या या बांधणीत क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी पट्ट्यांची विभागणी, मग आखूड सप्तक, मग मीनटोन जुळणी, आणि कर्णे त्यानंतर. पहिल्या तीन गोष्टी चुकल्या तर कितीही भारी कर्णे लावा, ऐकू येतो तो कुठल्याही देशाचा मोठा ऑर्गन.

आतापर्यंत पट्ट्या, जुळणी आणि पायपट्ट्या पूर्ण झाल्या आहेत. कर्ण्यांची ध्वनिपातळी बसवणं चालू आहे. प्रतिध्वनीची पेटी बाकी आहे.

नमुना

एक मॅन्युअल (हाताने वाजवायची पट्टीपेटी), 45 पट्ट्या. पूर्ण रांगा (एकाच आवाजाच्या नळ्यांचे संच) सात: फ्लाउतादो 13 पाल्मो, वियोलॉन, ओक्तावा, दोसेना, किन्सेना, त्रोंपेता रेआल, ओर्लोस. शिवाय येनो (मिक्स्चर, एकाच सॅम्पलमध्ये एकत्र रेकॉर्ड केलेलं), फक्त उजव्या हाताची कोर्नेता, डाव्या हाताचा 4 फुटी बाखोन्सियो, उजव्या हाताचा 8 फुटी क्लारीन, आणि पायांसाठी 8 नळ्यांची 16 फुटी कोन्त्रास.

स्पेनमध्ये नळीची लांबी परंपरेने फुटांत सांगत नाहीत, पाल्मोत सांगतात. एक पाल्मो म्हणजे सुमारे 21 सेंटिमीटर, म्हणजे 13 पाल्मो पावणेतीन मीटरच्या आसपास. ज्याला आपण 8 फुटी म्हणतो त्या खर्जाच्या सी नळीची ही स्पॅनिश मोजणी. नोंदीत पुढे 8 फूट, 4 फूट असंच लिहिलं आहे, कारण सॅम्पल संचांच्या पडद्यांवर बहुधा दोन्ही दिलेलं असतं.

मेमरीचा हिशोब आधी केलेला बरा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टीरिओ म्हणजे सेकंदाला 288 किलोबाइट. सूर 6 सेकंद आणि सोडल्यानंतरची घुमी 4 सेकंद धरली तर नळीमागे 2.88 मेगाबाइट. वरच्या नमुन्यात 437 सॅम्पल होतात, म्हणजे साधारण सव्वा गिगाबाइट. नळीमागे तीन वेगवेगळ्या घुमी घेतल्या (छोटा, मध्यम आणि लांब सूर सोडल्यावरच्या), तर सव्वादोन गिगाबाइटच्या वर. 8 गिगाबाइट रॅमचा जुना संगणकही पुरतो.

मेदियो रेजिस्त्रो

मेदियो रेजिस्त्रो म्हणजे अर्धा स्टॉप, आणि सगळ्याचं मूळ इथे आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्पेनमधले कारागीर एकाच मॅन्युअलची रांग मधल्या सी आणि सी शार्प यांच्यामध्ये तोडू लागले. डाव्या बाजूच्या खुंट्या खालच्या अर्ध्याला वारा देतात, उजव्या बाजूच्या वरच्या अर्ध्याला. मॅन्युअल एकच, पण डाव्या हाताला बासरीसारखा साथीचा आवाज आणि उजव्या हाताला कोर्नेता, दोन्ही एकाच वेळी मिळतात. संगीतकार कोर्रेआ दे आराउखोच्या 1626च्या संग्रहात यासाठीच लिहिलेले तिएंतो (ऑर्गनसाठीच्या स्पॅनिश रचना) आहेत: काहींत एकल सूर वरच्या अर्ध्यात, काहींत खालच्या.

ग्रँडऑर्गमध्ये यासाठी रांग दोनदा भरायची नाही. रांग एकदाच ठेवायची आणि तिच्याकडे बोट दाखवणारे दोन स्टॉप करायचे. डावा स्टॉप: पहिली नळी 1, नळ्या 21, पहिली पट्टी 1. उजवा: पहिली नळी 22, नळ्या 24, पहिली पट्टी 22. ही तिसरी नोंद सुटली की वरचा अर्धा खालच्या पट्ट्यांवर येऊन बसतो. मधला सी, म्हणजे मिडी 60 (मिडी या डिजिटल वाद्यांच्या संकेतात प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो), डाव्यातच राहिला पाहिजे. अनेक तयार मांडण्यांत विभागणी बी आणि सी यांच्यामध्ये असते. तशी ठेवली तर डाव्या हाताच्या साथीतला मधला सी अचानक कोर्नेतावर किंचाळतो. चाचणी सोपी आहे: डावीकडे वियोलॉन, उजवीकडे काहीच नाही, आणि बी, सी, सी शार्प ओळीने दाबा. तिसरी पट्टी मुकी राहिली पाहिजे.

बाखोन्सियो आणि क्लारीनच्या जोडीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डावा 4 फुटी, उजवा 8 फुटी. मधला सी दाबला की त्याच्या वरच्या सप्तकातला सी वाजतो, आणि पुढचा सी शार्प जिथल्या तिथे वाजतो. चढत जाणारी चाल तिथे अकरा अर्धस्वर खाली कोसळते. हा बिघाड नाही, दुरुस्त करायला जाऊ नका. दोन्ही हातांनी एकाच उंचीवर एकमेकांना उत्तरं द्यावीत, म्हणजे रणवाद्यांचा सवाल-जवाब उभा राहतो, यासाठीच ही जोडी आहे. दरी ओलांडणारी चाल मात्र यावर वाजवू नये.

आखूड सप्तक

खालच्या सप्तकात सी शार्प, ई फ्लॅट, एफ शार्प आणि जी शार्प यांच्या नळ्याच नाहीत. त्या काळच्या रचनांना ते खर्जात क्वचितच लागत, आणि सर्वांत मोठ्या, सर्वांत महाग चार नळ्या वाचत. पट्टीपेटी दिसायला ई पासून सुरू होते: ई दाबला की सी वाजतो, एफ शार्पवर डी, जी शार्पवर ई. बाकी पट्ट्या नावाप्रमाणे.

मिडीत हे सोयीचं आहे, कारण 40 ते 84 अशा सलग 45 पट्ट्या मिळतात. फक्त नळ्यांची यादी पट्टीच्या क्रमाने लिहायची: सी, एफ, डी, जी, ई, ए, बी फ्लॅट, बी, आणि पुढे नेहमीसारखी. यादी सुरांच्या चढत्या क्रमाने लिहिली गेली तर ओळखायची खूण अशी: एफच्या पट्टीवर डी वाजतो आणि जीच्या पट्टीवर एफ.

दुसरी अडचण लपून बसते. टेंपरामेंट (जुळणीची पद्धत) लावताना नळीचा सूर तिच्या पट्टीच्या जागेवरून मोजला गेला, तर सी नळीला ईची दुरुस्ती मिळते, डीला एफ शार्पची, ईला जी शार्पची. या प्रत्येक जोडीत षड्ज ते शुद्ध गंधार इतकंच अंतर असल्यामुळे तिन्ही नळ्या सारख्याच, 13.7 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेल्या लागतात. बाकी सगळं सुरात आणि खर्जातले तीनच सूर बेसूर असतील तर कारण हेच. उपाय म्हणजे त्या तीन नळ्यांना त्यांचा खरा मिडी क्रमांक (36, 38, 40) स्वतंत्रपणे नोंदून देणं.

आधुनिक 61 पट्ट्यांवर खालचा सी सरळ वाजवता येतो, मग हा खटाटोप का? डाव्या हाताच्या पसाऱ्यासाठी. खर्जातला सी आणि त्याच्या वरच्या सप्तकातला ई हे दहावं अंतर इथे फक्त एका सप्तकाच्या ताणात बसतं. सरळ पट्ट्यांवर लहान हातांना ते तोडून वाजवावं लागतं, आणि तिएंतोची संथ, धरून ठेवलेली वीण तिथेच उसवते.

जुळणी

पाव कॉमा मीनटोन, म्हणजे पंचम थोडे उतरवून गंधार शुद्ध ठेवणारी जुळणी. समविभागीपासूनचे (बारा सारख्या अर्धस्वरांच्या आजच्या जुळणीपासूनचे) फरक, ए शून्य धरून, सेंटमध्ये: सी +10.3, सी शार्प −13.7, डी +3.4, ई फ्लॅट +20.5, ई −3.4, एफ +13.7, एफ शार्प −10.3, जी +6.8, जी शार्प −17.1, बी फ्लॅट +17.1, बी −6.8. तयार टेंपरामेंटच्या यादीतून निवडलं तरी हे आकडे एकदा ताडून बघा.

कानाने तपासायला तंबोरा उत्तम. षड्ज सीला लावा. तंबोऱ्यात आपोआप उमटणारा गंधार आणि ऑर्गनचा ई एकमेकांत विरघळले पाहिजेत, कारण मीनटोनचा गंधार 386.3 सेंटचा, म्हणजे अस्सल 5:4 आहे. पंचम मात्र जुळणार नाही. तो 5.4 सेंट उतरलेला असतो. ए 415 धरला तर मधला सी आणि त्यावरचा जी यांच्यात सेकंदाला सुमारे 2.3 डोल (आवाजाचे चढउतार) ऐकू येतात, ए 440 ला सुमारे 2.4. डोल सेकंदाला एकाहून कमी असतील तर समविभागी जुळणी अजून चालूच आहे.

जी शार्प आणि ई फ्लॅट यांच्यातला पंचम 737.6 सेंटचा आहे आणि तो भयंकरच वाजतो. ए फ्लॅट किंवा डी शार्प मागणाऱ्या नंतरच्या रचना या जुळणीवर लावू नयेत. त्याऐवजी स्पॅनिश संगीतकार पाब्लो ब्रुनाचा लितानीवरचा (प्रार्थनेवरचा) तिएंतो वाजवून पाहा. प्रत्येक विसाव्याच्या ठिकाणी गंधार असा स्थिरावतो की येनोची सगळी रांग एकच नळी वाटते. येनोची ही चकाकी समविभागी जुळणीत मिळत नाही, कारण मिक्स्चरमधले शुद्ध उपस्वर आणि पट्ट्यांचे ताणलेले गंधार सतत भांडत राहतात.

कर्णे

आडव्या नळ्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. बास्क कारागीर फ्राय होसे दे एचेवारिया हे त्यातलं सुरुवातीचं मोठं नाव. म्हणून त्याआधीचे संगीतकार काबेसोन किंवा कोर्रेआ क्लारीनवर वाजवणं काळाला धरून नाही. त्यांना त्रोंपेता रेआल किंवा कोर्नेता द्यावी. काबानियेस (वालेन्सियात ऑर्गनवादक, 1665 ते 1712) आणि पुढच्या पिढ्यांना हे कर्णे खुशाल द्यावेत. सालामांकाच्या नव्या कॅथीड्रलमधला पेद्रो दे लिबोर्ना एचेवारियाचा ऑर्गन किंवा ग्रानादातले फेर्नांदेस दाविलाचे दोन ऑर्गन ऐकले की या आवाजाचा पल्ला कळतो. मेक्सिको सिटीच्या कॅथीड्रलमध्येही समोरासमोरचे दोन ऑर्गन याच घराण्यातले आहेत.

आपल्या हार्मोनियमच्या पेटीतली जिभली पोकळीतून आरपार हलते. इथली जीभ पितळी पन्हळीवर आपटते, म्हणून आवाजाच्या सुरुवातीलाच ठिणगी असते. नळी आडवी असल्यामुळे आवाज थेट माणसांवर येतो, जिभेवर धूळ बसत नाही, आणि जुळणीची तार हाताशी राहते. शिवाय वाऱ्याचा दाब कमी असतो, म्हणून आवाज तीक्ष्ण असूनही जाड होत नाही.

सॅम्पलमध्ये नेमकं इथेच बिघडतं. कर्ण्यांनाही आतल्या नळ्यांइतकीच कृत्रिम घुमी दिली की ते मागे सरकतात. उपाय: क्लारीन आणि बाखोन्सियो वेगळ्या ऑडिओ गटात, समोरच्या स्पीकरवर, वरून घुमी न देता. बाकी रांगा दुसऱ्या गटात. पातळी ठरवताना क्लारीनचा एकटा सूर पूर्ण येनोइतका ठेवून सुरुवात करा आणि तिथून एक-एक डेसिबल वाढवा. येनो आणि कर्णे एकत्र ओढून मोठा आवाज काढायचा मोह टाळा. इथे ते दोन वेगळे समूह आहेत आणि आलटून पालटून वाजतात.

कोन्त्रास

आठ आखूड पायपट्ट्या, फक्त विसाव्याचे लांब सूर धरायला. पायांनी चाल वाजवायची नसते. आठ फूटस्विच आणि एक अर्दुइनो प्रो मायक्रो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) पुरतात. हाच बोर्ड घ्यावा, कारण तो यूएसबीवर स्वतः मिडी वाद्य म्हणून ओळखला जातो, उनो तसा ओळखला जात नाही. प्रत्येक स्विचचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आतला पुल-अप चालू. क्रमांक 36, 38, 40, 41, 43, 45, 46, 47. डिबाउन्स 5 ते 10 मिलिसेकंद ठेवा. तो नसेल तर एका दाबात सूर दोनदा सुरू होतो आणि 16 फुटी नळीत ते ढेकर दिल्यासारखं ऐकू येतं. फूटस्विच दाबून धरेपर्यंतच चालू राहणारा हवा, गिटार पेडलसारखा एकदा दाबून अडकणारा नको.

बाकी काम

प्रतिध्वनीची कोर्नेता एका बंद पेटीत असते आणि पायाने तिचं झाकण उघडतात. नुसती पातळी उतरवून अर्धंच काम होतं, कारण झाकण लागलं की वरच्या उपस्वरांची धारही बोथट होते. म्हणून कोर्नेताच्या 24 सॅम्पलची दुसरी प्रत करून तिला लो-पास फिल्टर लावायचा आणि उघडी-बंद अशा दोन स्टॉपमध्ये पायाने बदल करायचा, असं ठरलं आहे. फिल्टरची सुरुवात 2.5 किलोहर्ट्झपासून करून बघायची. दोन्ही प्रती एका क्षणासाठीही एकत्र वाजल्या तर फेजमुळे आवाज पोकळ होतो, त्यामुळे बदलाचा तर्क आधी लिहायचा आणि फिल्टर नंतर.