पोरानं काय बघितलं?

फोनवर वहिनी काय झालंय ते नीट सांगेनात. "कॉम्प्युटर बिघडलाय, तुम्हीच या, दुकानातल्या पोराला पाठवू नका," एवढंच. असल्या फोनचा अर्थ मला लगेच कळतो. सांगलीत विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि काही घरं मला मुद्दाम बोलावतात ती बहुतेक याच कारणासाठी.

घर गावभागातलं, जुनं, माडीचं. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि मॉनिटरवर चादर टाकलेली. राउटरचा अडॅप्टर काढून कपाटात कुलूपबंद. घरातला मुलगा बारावीत. सीईटीच्या ऑनलाइन टेस्ट सिरीजचे पैसे भरलेले, पण टेस्ट द्यायला इंटरनेट नाही. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतात. मी चप्पल काढतेय तोवरच म्हणाले, "ताई, दुरुस्ती नंतर. आधी हा काय काय बघत बसतोय ते काढून द्या."

झालं होतं असं. दिवाळीत पाहुणे आलेले, कुणाला तरी फोटो दाखवायला कॉम्प्युटर लावला, आणि कोपऱ्यातून एका बाईचं नको तसं चित्र वर आलं. ते घालवलं तर दुसरं. मग 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' अशी लाल पाटी. पाहुण्यांसमोर शोभा झाली आणि घरात कॉलेजला जाणारा मुलगा एकच. निकाल लागून मोकळा. मुलगा म्हणत होता, "मी काय नाय केलेलं," आणि आता तेही म्हणायचं त्यानं सोडून दिलं होतं. आजोबा, निवृत्त हायस्कूल शिक्षक, आतल्या खोलीत पेपर वाचत होते.

मी चादर काढली, राउटर लावायला सांगितला. दोन-तीन मिनिटांत उजव्या कोपऱ्यात चित्र आलंच. वहिनींनी तोंड फिरवलं. मी मात्र मुलाच्या वडिलांना जवळ बोलावलं आणि चित्राच्या कडेची बारीक अक्षरं वाचायला लावली. तिथे क्रोमचं नाव आणि एका वेबसाइटचा पत्ता असतो. म्हणजे हा व्हायरस नव्हे, नोटिफिकेशन. आपल्याला मेल आला की कोपऱ्यात पाटी येते ना, तीच सोय. कुठल्या तरी साइटला आपल्याकडून 'अलाउ' मिळालं की ती कधीही पाटी पाठवू शकते, ती साइट उघडलेली नसतानाही. तुम्ही काय बघता याच्याशी त्या चित्राचा काही संबंध नसतो. ते लोक सरसकट सगळ्यांना तेच पाठवतात, हजारात एकानं दाबलं तरी त्यांचं काम होतं. अँटिव्हायरसला यात काही सापडत नाही कारण परवानगी रीतसर दिलेली असते. साइट सेटिंग्जमध्ये परवानगी मिळालेल्या साइटची भली मोठी यादी निघाली, ती सगळी काढून टाकली. नवीन कुणी विचारूच नये असंही करून ठेवलं.

वडिलांचा चेहरा काही हलला नाही. "अलाउ म्हटलं कुणी पण?"

ते शोधायला मला पुढे जावंच लागणार होतं, कारण दुखणं तेवढंच नव्हतं. गुगल टाकलं की भलतंच सर्च इंजिन उघडत होतं. क्रोममध्ये एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम होता, आणि तो काढायचं बटण फिकं पडलेलं, दाबलंच जाईना. मेनूच्या तळाशी बारीक ओळ होती: हा ब्राउझर तुमची संस्था चालवते.

आजोबा तोवर बाहेर येऊन माझ्या खुर्चीमागे उभे होते. "संस्था? आमचा ज्येष्ठ नागरिक संघ की काय?"

हसू आलं, पण शंका बरोबर होती. मोठ्या कंपन्या आपल्या कॉम्प्युटरवर कुठलं एक्स्टेंशन सक्तीचं हे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतून ठरवतात, आणि कामगाराला ते काढता येत नाही. ॲडवेअरवाले, म्हणजे जबरदस्तीनं जाहिराती दाखवणारे, तीच सोय चोरून वापरतात. क्रोमचं पॉलिसीचं पान उघडलं तर तिथे सक्तीच्या यादीत एक 32 अक्षरी ओळख होती. त्या एक्स्टेंशनला परवानगी कसली, तर सगळ्या वेबसाइटवरची सगळी माहिती वाचण्याची आणि बदलण्याची. आता जाहिराती बाजूला राहिल्या. मी विचारलं, "या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम कोण करतं?"

वडीलच करत होते. लाइट बिल, विम्याचे हप्ते, सगळं.

तिथेच हात थांबवला आणि त्यांना मोबाईलवरून, मोबाईलचाच डेटा लावून, बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलायला लावले. याच कॉम्प्युटरवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोरासमोरच नवं कुलूप लावणं. मेलच्या खात्यातून बाकी सगळीकडून साइन आउट केलं, खात्याचे व्यवहार बघून घेतले. पैसे गेलेले नव्हते. गेले असते तर 1930 ला लगेच फोन लावायचा, हेही सांगून ठेवलं. उशीर होईल तशी रक्कम गोठवायची आशा कमी होते. एवढा वेळ आवाज चढवून बोलणारा माणूस पासवर्ड टाकताना दोनदा चुकला.

मग रजिस्ट्रीतली ती नोंद उडवली, एक्स्टेंशन गेलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. परत हजर. आमच्या धंद्यात अशा वेळी 'फॉरमॅट मारा' म्हणतात आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण फॉरमॅट मारला की कुणी, कधी, काय केलं ते सगळं पुसून जातं, आणि या घरात दुरुस्तीपेक्षा त्याचीच गरज जास्त होती.

उडवलेली नोंद पुन्हा कोण लिहितंय? टास्क शेड्यूलर उघडला, विंडोज ठरल्या वेळी आपोआप कामं करतं त्यांची यादी. त्यात ब्राउझरच्या अपडेटसारखं साळसूद नाव घेतलेलं एक काम होतं: लॉगइन झालं की आणि त्यानंतर दर तासाला, खिडकी न दाखवता पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम देण्याचं साधन, चालवायचं आणि ॲपडेटा या सहसा न दिसणाऱ्या जागेतल्या एका फोल्डरमधली स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, वाचायची. खरं अपडेट असल्या जागेवरून, असं लपूनछपून चालत नाही. आणि डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, गप्प का, तर त्याच्या अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह. मागे कुणीतरी पायरेटेड विंडोज टाकून दिलं होतं. त्याचा ॲक्टिव्हेटर, म्हणजे विंडोजला लायसन्स असल्याचं भासवणारा प्रोग्राम, पकडला जाऊ नये म्हणून पहारेकऱ्यालाच डोळे मिटायला सांगून ठेवलेलं. हे मला फार घरांत सापडतं. लोकांना वाटतं अँटिव्हायरस आहे, हिरवी खूण आहे, म्हणजे झालं.

त्या कामाच्या ओळीत 'क्रिएटेड'चा रकाना असतो. बऱ्याचदा रिकामा असतो, इथे तारीख होती. डाउनलोड्समध्ये त्याच तारखेची एक झिप फाइल, वेळ काही मिनिटं आधीची, दुपारी चारच्या सुमाराची. मी तारीख मोठ्यानं वाचली.

वहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटलं. "ह्या दिवशी संस्थानच्या गणपतीचं विसर्जन होतं की वो!" सांगलीत संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी जातो, आणि गावभागातलं कोण त्या दुपारी घरात बसतंय? मुलगा सकाळपासून ढोल पथकात, वहिनी आणि वडील मिरवणूक बघायला. घरी एकटे आजोबा, गुडघा दुखतो म्हणून.

झिपचं नाव मी वाचायच्या आधीच आजोबा म्हणाले, "ते कन्व्हर्टर. मीच घेतलं." संघाची जुनी इतिवृत्तं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येतील अशी हवी होती. फुकटचं कन्व्हर्टर शोधलं, पानावर डाउनलोडची चार बटणं, त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं. "आणि त्यांनी विचारलं, तुम्ही रोबोट नाही ना? मग अलाउ दाबा. मी रोबोट नाही, म्हणून दाबलं."

मुलगा फसकन हसला. मग वहिनी. वडील हसले नाहीत, ते उठले आणि मुलाला म्हणाले, "टेस्ट किती वाजता आहे तुझी?" माफीबिफी काही नाही. आमच्याकडचे बाप याच्यापुढे जात नाहीत.

आधी ते काम काढलं, मग स्क्रिप्टचा फोल्डर, मग रजिस्ट्रीची नोंद. उलट क्रमानं केलं तर सगळं परत उगवतं. डिफेंडरचे अपवाद पुसले, ऑफलाइन स्कॅन लावला, त्यात ॲक्टिव्हेटर सापडला. संध्याकाळची टेस्ट मुलानं काकांच्या लॅपटॉपवर दिली, कारण जाहिराती थांबल्या तरी या कॉम्प्युटरची हमी मी देणार नव्हते. ॲडमिनचे, म्हणजे कॉम्प्युटरवर काहीही बदलायचे, हक्क घेऊन इतके दिवस काय काय चाललं, कोण सांगणार? रविवारी आजोबांच्या फायली आणि फोटो काढून घेतले, exe वगैरे, म्हणजे प्रोग्रामची, एकही फाइल न घेता, आणि कोरं विंडोज टाकलं, लायसन्स घेऊन. "विंडोजला पैसे असतात?" हा प्रश्न वडिलांनी मनापासून विचारला.

रोजच्या वापराला तिघांची साधी खाती काढली. ॲडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड फक्त वहिनींकडे. आजोबांची इतिवृत्तं मी माझ्याकडच्या कन्व्हर्टरनं बदलून दिली. जोडाक्षरं काही ठिकाणी तुटली, ती ते स्वतः दुरुस्त करत बसलेत.

परवा वडिलांचा दुकानातून फोन. "ताई, प्रिंटर घेतलाय, ड्रायव्हर टाकायचाय, आणि ही पासवर्ड देईना. म्हणते, कुठून उतरवलाय ते आधी दाखवा."

म्हटलं, मग दाखवा.