एटी की एमटी? ताम्हिणी, वेसवी, कुंभार्ली आणि उंब्रजच्या पाणंदीवरचा हिशेब

पावसाळ्यात पिकअपला ऑल-टेरेन टायर बरे की मड-टेरेन, याचा हा हिशेब एका फेरीवरून. मार्ग असा: पुणे–पौड–ताम्हिणी–माणगाव–म्हसळा–बागमांडला, फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवी, पुढे मंडणगड–दापोली–खेड–चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर–पाटण–उंब्रज आणि परत पुणे. हंगाम ऐन श्रावणाचा. गाड्या दोन, दोन्ही जुन्या इसुझू व्ही-क्रॉस फोर बाय फोर पिकअप आणि दोन्हींना २४५/७० आर१६ टायर. एकीला ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचे) म्हणजे एटी, दुसरीला मड-टेरेन (चिखलासाठीचे) म्हणजे एमटी. दोन्ही गाड्या एरवी रोज ऑफिस, शाळा आणि बाजारहाटाच्या, म्हणून सगळा हिशेब रोजच्या वापराच्या बाजूने मांडला आहे.

मुळशीच्या पुढे पाऊस लागला की पहिला फरक कळतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. एमटीच्या नक्षीतले रबरी ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा फार थोड्या. ओल्या डांबराला पकड मिळते ती या बारीक चिरांच्या कडांमुळे आणि रस्त्याला टेकलेल्या रबरामुळे. एमटीत दोन्ही कमी. ताम्हिणीच्या उतारावर, वळणाआधी ब्रेक मारताना एमटीची गाडी एटीच्या गाडीपेक्षा लांब जाऊन थांबते आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर धडधडायला लागतो. त्यात रिकामा पिकअप म्हणजे मागचा भाग हलका. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून निघताना पाय जरा जास्त पडला की शेपूट सरकते. एमटी असेल तर पुढच्या गाडीपासूनचे अंतर नेहमीच्या दीडपट तरी ठेवा, वेग वळणाच्या आत नव्हे तर आधी तोडा आणि हौद्यात सामान असेल तर ते केबिनला न टेकवता मागच्या एक्सलवर येईल असे बांधा. घसरते म्हणून डांबरावर फोर-एच (चारही चाके ओढतात तो नेहमीच्या वेगाचा गिअर) लावू नका. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे घाटाच्या वळणात पुढची-मागची चाके एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

माणगावला मुंबई–गोवा महामार्गाची गर्दी लागते. काँक्रीटच्या पट्ट्यांवर एमटीचा घूंऽऽ आवाज चांगलाच जाणवतो. नवीन असताना तो सहन होतो, पण ठोकळे एका बाजूने दातेरी झिजले की केबिनमध्ये बोलायलाही आवाज चढवावा लागतो. उपाय एकच, चाकांची अदलाबदल. एमटीला दर ८,००० किमीला, एटीला १०,००० ला, तीही स्टेपनी धरून पाच चाकांची. स्टेपनी फिरवली नाही तर ती नव्या उंचीची राहते आणि पंक्चरच्या दिवशी फोर बाय फोरला एक चाक मोठे पडते.

बागमांडल्याला बोटीची वाट पाहावी लागते. भरती-ओहोटी आणि हवामान यांवर फेऱ्या हलतात, तेव्हा निघण्याआधी जेटीवर फोन करून विचारा. इथे एक बारीक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो, त्यावर हिरवे शेवाळ आणि खाडीचा बारीक गाळ असतो. एमटीचे जाड ठोकळे या चिकट थरावर काहीच पकडत नाहीत, गाडी जागच्या जागी चाक फिरवते. एटीही घसरते, पण कमी. बोटीवर चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न दाबता, चाके सरळ ठेवून जा. घसरलीच तर थांबा आणि फोर-एल (चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर) लावून हळू चढा. रेझ करून चढायला गेलात तर गाडी आडवी होते.

वेसवीहून वेळास, केळशी, आंजर्ले फार लांब नाहीत आणि पिकअप बघितला की कोणीतरी ‘किनाऱ्यावर घाला’ म्हणतोच. घालू नका. वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि गाडीच्या चाकाखाली घरट्यांची वाट लागते. शिवाय खारे पाणी ब्रेकमध्ये आणि चासीत शिरते ते वेगळेच. टायरची परीक्षा घ्यायला ही जागा नाही.

दापोली–मंडणगड पट्ट्यातली माती लाल, जांभ्याची. वाडीच्या कच्च्या रस्त्यांवर वरचा चार बोटे थर रबडी होतो, पण खाली जांभा आणि खडी घट्ट असते. असल्या चिखलात एटी हवा थोडी उतरवून सहज निघते. हवेचा दाब ३५ पीएसआयवरून २२ वर आणला की टायर लांबट टेकतो, वरची रबडी बाजूला सारतो आणि खालच्या कठीण थरावर बसतो. १५ च्या खाली मात्र जाऊ नका, साध्या रिमवरून वळताना टायर सुटतो. जांभ्याच्या धारेला खरा धोका साइडवॉलचा. हवा कमी असेल तेव्हा बाजू फुगून बाहेर येते आणि तिथेच चीर पडते. या भागात एमटीची जाड साइडवॉल उपयोगी आहे हे मान्य, पण मजबूत बाजूची, एलटी (लाइट ट्रक) प्रकारची एटीही मिळते, आणि कोकणासाठी मी तीच घेईन.

एलटी टायर घेतला तर हवेचे गणित बदलते. दरवाज्याजवळच्या पाटीवरचा आकडा गाडीसोबत आलेल्या टायरसाठी असतो. तेवढेच वजन उचलायला एलटीला जास्त हवा लागते. तपासायची सोपी रीत: टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ मारा, सपाट कोरड्या रस्त्यावर सरळ शंभरेक मीटर जा. खडू फक्त मधला पुसला तर हवा जास्त, फक्त कडांचा पुसला तर कमी.

चिपळूणनंतर पोफळी आणि कुंभार्ली. धुके, पाणी वाहणारी वळणे, मालाच्या गाड्या. ताम्हिणीत सांगितले तेच इथे दुप्पट लागू. दरडी आणि बंदी यांची चौकशी चिपळूणलाच करा. वरंध घाटाने परतायचा बेत असेल तर तो पावसाळ्यात प्रशासनाच्या आदेशाने बंद असतो की नाही हे आधी बघा.

एमटीचे नाव निघते ते घाट ओलांडून कृष्णाकाठी आल्यावर. उंब्रज–कऱ्हाडच्या उसाच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पाणी पिऊन फुगते, आणि पाणंदीवरून ट्रॅक्टर गेले की तिचा लगदा होतो. खाली कठीण थर हाताला लागतच नाही. इथे एटीच्या अरुंद फटी पहिल्या काही मीटरमध्येच भरतात. उतरून टायर बघा: नक्षी दिसत नाही, नुसता गुळगुळीत काळा गोळा फिरत असतो. एमटीच्या रुंद फटींतला चिखल चाक फिरवले की उडून जातो आणि ठोकळे पुन्हा मोकळे होतात. त्यासाठी चाकाला थोडा वेग हवा. फोर-एल पहिल्यात घुरघुरत राहिलात तर एमटीही भरते. फोर-एल दुसरा किंवा तिसरा, स्टिअरिंग डावे-उजवे हलवत, पाय एकसारखा. गाडी पुढे सरकायची थांबली की पायही लगेच काढा. आणखी रेझ केली तर चाके खड्डा खणतात आणि एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा डबा मातीवर बसतो. मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. ओढायला पट्टा चासीच्या हुकालाच लावा. टोइंग बॉलला लावला तर तो तुटून बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

म्हणून निवड करताना एकच गोष्ट स्वतःला विचारा: पावसाळ्यात घरी किंवा शेतावर जायला काळ्या मातीची पाणंद आहे का? असेल तर एमटी घ्या, ओल्या डांबरावरचे तोटे समजून, सांभाळून चालवा. नसेल तर एटी. वर्षातून दोनदा ट्रेकच्या पायथ्याला जाण्यासाठी रोजचा ब्रेक कमकुवत करणे मला अजिबात पटत नाही. पुढे एटी, मागे एमटी अशी भेळ तर करूच नका. ओल्यात पुढची-मागची पकड वेगळी पडते.

दुकानात बघायच्या गोष्टी. साइडवॉलवरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते, ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन उचलतो तो आकडा, गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा कमी नको (१०९ म्हणजे एका टायरला १,०३० किलो, ११२ म्हणजे १,१२०). एमटीवर वेगाचे अक्षर बहुधा क्यू असते, म्हणजे १६० किमी. दिसायला भारी म्हणून २६५/७५ आर१६ घालायचा मोह होतो. व्यास सात टक्क्यांहून जास्त वाढतो, स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ च्या आसपास असते, पूर्ण वळणात टायर घासू शकतो, गाडी वेग घ्यायला मंदावते आणि अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

सोबत ठेवायचे: बॅटरीला थेट चिमटे लावायचा कॉम्प्रेसर (लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला तर फ्यूज उडतो), हवेचा गेज, पंक्चरच्या वाती, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या). चिखलातून डांबरावर आलात की आधी हवा भरा, मग वेग घ्या. २२ पीएसआयवर महामार्गाला लागलात तर टायर तापून आतून फाटतो.

घरी आल्यावर रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल धुऊन काढा. स्टिअरिंग थरथरते म्हणून बॅलन्सिंगला नेलेल्या गाड्यांत अनेकदा तोच असतो. एमटीच्या फटीत अडकलेली जांभ्याची खडी जुन्या पेचकसाने उकरा, नाहीतर ती रबर पोखरत आत जाते. चाके काढून बसवली असतील तर पन्नास ते शंभर किमीनंतर नट पुन्हा आवळा.