बाबांच्या निधनानंतर मंडळीने आमच्यासाठी केलेले काम

बाबा नगरमधील राहत्या घरी पहाटे प्रभूमध्ये निजले, तेव्हा घरात आई आणि मी दोघीच होतो आणि भाऊ दुबईत होता. फोन केल्याबरोबर आमच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) एका ज्येष्ठ पंचांना घेऊन आले. त्यांनी प्रार्थना केली आणि ते आईजवळ बराच वेळ काही न बोलता बसले. मग पंचकाकांनी मला बाजूला घेऊन विचारले, की दाखला देणारे डॉक्टर कोण, भाऊ केव्हा पोहोचेल, घराण्याची जुनी कबर आहे का, आणि बाबांची उंची किती. उंची पेटीसाठी हवी होती. "पोरी, तू एवढे सांग आणि आईजवळ बस," असे म्हणून ते तरुण संघाच्या दोन मुलांना सोबत घेऊन निघाले.

एक निर्णय मात्र त्यांनी घेतला नाही. दफनभूमीत जागा कमी असल्याने आजोबांची कबर उघडून तिथेच बाबांना ठेवायचे की नवी जागा मागायची, हे दोन्ही पर्याय त्यांनी आईसमोर खर्चासह मांडले आणि तिच्या उत्तराची वाट पाहिली. आईने आजोबांची कबर निवडली. धावपळ मंडळीने करावी, पण निर्णय घरच्यांनीच घ्यावा, ही रीत मला फार मोलाची वाटते. दुःखातल्या माणसाला सगळे आयते करून दिले, तर पुढे कित्येक गोष्टी त्याच्या मनाला लागून राहतात.

भजने ठरवतानाही तसेच झाले. गायन मंडळाच्या प्रमुखांनी बाबांचे गीतांचे पुस्तक मागून घेतले. त्यात त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि काही गीतांशेजारी तारखाही लिहिल्या होत्या. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे वास्तव्य नगरला होते, त्यामुळे त्यांची पदे इथल्या ख्रिस्ती घरांत अनेकांना तोंडपाठ असतात, आणि बाबांच्या खुणाही बहुतेक त्याच पदांवर होत्या. दफनविधीत तीच म्हटली गेली.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मृत्यू घरी झाला असेल, तर डॉक्टरांनी मृत्यूचे कारण लिहून दिलेले प्रमाणपत्र लागते, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार ही नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. चर्चच्या दफन नोंदवहीत नाव लिहिले जाते, परंतु बँकेला आणि निवृत्तिवेतन कार्यालयाला महानगरपालिकेचाच दाखला लागतो. मंडळीतील एक निवृत्त कारकून माझ्याबरोबर महापालिकेत आले आणि त्यांनी दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आग्रहाने काढायला लावल्या. पुढे प्रत्येक प्रत उपयोगी पडली.

दफनानंतर रोज संध्याकाळी घरी सांत्वन प्रार्थना होत असे. महिला मंडळाने डबे वाटून घेतले होते, आणि डबा आणणारी बाई भांडी घासूनच परत जात असे. दहाव्या किंवा तेराव्या दिवशी जेवण घालणार का, असे काही नातेवाइकांनी विचारले, तेव्हा पाळकसाहेबांनी आईसमक्षच स्पष्ट केले की आपल्या उपासनेत त्याची गरज नाही. आभाराची प्रार्थना आणि चहा पुरेसा आहे. लोक काय म्हणतील या धाकाने विधवेने कर्ज काढून पंगती उठवणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून पाळकांनी हे उघडपणे बोलून दाखवले याचे मोल मोठे आहे.

भाऊ परत गेल्यानंतरचे दिवस सर्वांत कठीण होते. तोवर पाहुण्यांचा राबता थांबला होता, परंतु महिला मंडळातील दोन वडीलधाऱ्या बायका ठरलेल्या वारी येत राहिल्या. त्या आईला उपदेश करत नसत. बाबांविषयी विचारत, तिला बोलू देत, आणि शेवटी बायबलमधले तेविसावे स्तोत्र वाचून उठत. रविवारी बाबांची जागा रिकामी पाहायची नाही म्हणून आई उपासनेला यायचे टाळत होती. तेव्हा त्यांनी तिला आपल्या बाकावर, स्वतःच्या मधोमध बसवायला सुरुवात केली, आणि ती आजही तिथेच बसते.