रांग, कार्ड आणि पाळणा

काल भाच्याला घेऊन सांगलीतल्या आनंदमेळ्यात गेले होते. तो अकरा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. आकाशपाळणा त्याचा जीव की प्राण, पण रांग म्हणजे संकट. मागून धक्का लागला, भोंगा वाजला की कानावर हात ठेवून खालीच बसतो.

दिव्यांग कार्ड काढून दाखवलं. मागचे एक काका म्हणालेच, "पोरगं तर चांगलं धडधाकट दिसतंय की!" आता काय सांगणार? 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि स्वमग्नता त्यात आहे, हे पाळण्याच्या रांगेत कुणाला ऐकायचंय?

खरं तर मला रांग मोडायची नव्हतीच. अमेरिकेतल्या डिस्नीच्या पार्कांत 2013 पासून अशी सोय आहे की ज्याला रांगेत थांबणं झेपत नाही त्याला परत यायची वेळ देतात. रांग जेवढी, साधारण तेवढंच थांबायचं, फक्त बाहेर, निवांत.

पाळणेवाल्या पोराला डिस्नी बिस्नी काही सांगितलं नाही. त्यानंच तिकिटाच्या मागं बॉलपेनानं 7:40 लिहिलं. "ताई, तवर भडंग खावा. नंबर धरतो."

काका गप्प. आम्ही जनरेटरच्या आवाजापासून लांब, कट्ट्यावर. भाचा दर मिनिटाला तिकीट उलटं करून वेळ वाचत होता.

7:40 ला पाळण्यात बसलो. वर गेल्यावर त्यानं कानावरचे हात काढले. मीच डोळे मिटून घेतले होते, मला उंचीची भीती वाटते!